राष्ट्रपती राष्ट्रीय आणीबाणी केव्हाही लागू करू शकतात का?
नाही. अनुच्छेद ३५२ नुसार युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका असेल, तरच राष्ट्रीय आणीबाणी लागू करता येते. मूळ तरतुदीत सशस्त्र बंडाच्या जागी 'अंतर्गत अशांतता' असे शब्द होते आणि १९७५ मध्ये त्याच सैल शब्दांचा आधार घेतला गेला; २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बुजवली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा काढता येत नाही, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अनुच्छेद ३५९ मधील बदल: जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आता आणीबाणीतही बंद करता येत नाही. १९७६ मध्ये स्थानबद्धांसाठी ती बंद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केले होते, न्या. एच. आर. खन्ना तेवढे एकटे विरोधात उभे राहिले.