मुलीला घरीच शिकवायचंय, पण शाळा दाखला देत नाही

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. वाचायला तिला इतर मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यावरून तिला वर्गाबाहेर उभं केलं जातं, सगळ्यांसमोर बोल लावले जातात. आता शाळेचं नाव काढलं तरी ती रडते. मी आणि माझ्या पतीने तिला घरीच शिकवायचं ठरवलं आहे. दाखला मागायला गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले, "मूल शाळेत न घालणं हा गुन्हा आहे, तुमच्यावर केस होईल." एका सत्राची फी बाकी आहे, ती भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असंही सांगितलं. शेजारची दोन कुटुंबं आपली मुलं आमच्याकडे पाठवू म्हणतात, मिळून एक शिक्षिका ठेवायचा विचार आहे. आमचं कायद्याने काही चुकतंय का? आणि पुढे दहावीचं काय?

उत्तर : ताई, आधी केसची भीती मनातून काढा. मुख्याध्यापक ज्या कायद्याच्या आधारे बोलत आहेत तो म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. आपण त्याला आरटीई म्हणतो. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम १० सांगतं. पण ते पाळलं नाही तर पालकांना दंड किंवा कैद, अशी तरतूद या कायद्यात कुठेही नाही. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरची देणगी, घेणाऱ्याला दंड आहे, प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेणाऱ्या शाळेला दंड आहे, मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला दंड आहे. पालकांना नाही. शिवाय 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे काय, हे कलम ८ मध्ये दिलं आहे : मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करण्याचं सरकारवरचं बंधन. सक्ती आहे ती सरकारवर.

पण म्हणून रान मोकळं आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरी शिकवण्याला हा कायदा थेट बंदी घालत नाही आणि सरसकट मान्यताही देत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३ मध्ये एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली खास तरतूद, आलं. बहुविकलांग आणि तीव्र विकलांग मुलांना त्याने घरी शिक्षण घेण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत दिला. उद्या तुमच्या विरोधात कुणी उभं राहिलं तर तो हेच दाखवेल, की एवढ्याच मुलांना मुभा आहे, बाकीच्यांना नाही. त्यावर तुमच्या बाजूने राज्यघटनेचं कलम ५१क(ट) आहे. पालकाने पाल्याला 'शिक्षणाच्या संधी' द्याव्यात असं ते म्हणतं, शाळेचा उल्लेख करत नाही. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. अशा वेळी कलमांच्या शब्दांपेक्षा जास्त वजन एका गोष्टीला येतं : मुलगी खरोखर शिकते आहे का? हा हक्क आई-वडिलांचा नाही, शाळेचा तर नाहीच, तो तुमच्या मुलीचा आहे. ती शिकते आहे हे तुम्ही कागदावर दाखवू शकलात, तर तुमची बाजू भक्कम आहे.

म्हणून आजच एक फाइल सुरू करा. दोघांच्या सहीचं एक पत्र, त्यात घरी शिकवण्याचं कारण आणि कोणते विषय, कोणत्या पुस्तकांतून, कोण शिकवणार याचा आराखडा. मग दर महिन्याच्या नोंदी, तारखा घातलेल्या वह्या, तिने वाचलेल्या पुस्तकांची यादी, सहा महिन्यांनी एखाद्या अनुभवी शिक्षकाकडून घेतलेला लेखी अभिप्राय. नाव पटावरून कमी झालं की ती 'शाळाबाह्य' म्हणून नोंदली जाण्याची शक्यता आहे, कारण चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि त्यांच्या प्रवेशावर लक्ष ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे. कुणी घरी चौकशीला आलं तर दार लावून घेऊ नका, वादही घालू नका. फाइल दाखवा, पत्राची प्रत द्या आणि पोच घ्या. शाळेबाहेर राहून कामाला जुंपलेली मुलं शोधण्यासाठीच ही माणसं फिरतात आणि ते काम मोलाचं आहे. त्यावरूनच एक सावधगिरी : घरचं दुकान किंवा धंदा असेल तर मुलीला दिवसा तिथे बसवू नका. घरच्या धंद्यात मुलाने हातभार लावायला बालकामगार कायदा मुभा देतो, ती शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत. शाळाच नसलेल्या मुलाच्या बाबतीत या मुभेचा आधार घेणं अवघड जाईल.

आता दाखला. आरटीईच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि विलंब करणारा शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. तुमची अडचण अशी की हे कलम दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी आहे. अर्जात खोट्या शाळेचं नाव टाकून दाखला काढा, असा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. ते करू नका. तुमची सगळी बाजू प्रामाणिकपणावर उभी आहे, एका खोट्या ओळीने ती कोसळेल. 'पालकांच्या विनंतीवरून' एवढं कारण लिहून लेखी अर्ज द्या. शाळेने घेतला नाही तर स्पीड पोस्टने पाठवा. बाकी फी खरोखर देणं असेल तर ती भरून टाका आणि पावती घ्या. आकड्यावर वाद असेल तर तोही लेखी मांडा. फी वसूल करायला शाळेला कायदेशीर मार्ग मोकळे आहेत, मुलीची कागदपत्रं अडवून धरणं हा त्यातला मार्ग नव्हे. तरीही दाखला मिळाला नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, कलम ३२ खाली लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

दाखला हातात घेण्याआधी जनरल रजिस्टरमधल्या नोंदी नीट तपासा : मुलीचं, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. मूल पटावर असताना दुरुस्ती तुलनेने सोपी असते, नंतर हेलपाटे घालावे लागतात. जातीच्या दाखल्यापासून पुढच्या प्रत्येक प्रवेशापर्यंत हा कागद लागतो, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा. आणि मुलीला प्रवेश आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून मिळाला असेल तर नाव काढण्याआधी दहादा विचार करा. ती जागा परत मिळेल असं धरून चालू नका.

शेजारच्या मुलांबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. स्वतःच्या मुलीला स्वतःच्या घरी शिकवणं म्हणजे शाळा काढणं नव्हे. पण इतरांची मुलं, पगारी शिक्षिका, ठरलेली फी आणि रोजचे शाळेइतके तास असं सगळं एकत्र आलं, की ती विनापरवाना शाळा आहे असं अधिकारी म्हणू शकतात. कलम १८ खाली त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आठवड्यातून काही तास मुलांनी एकत्र येऊन विज्ञानाचे प्रयोग करावेत, खेळावं, गाणं शिकावं, त्याला कुणी शाळा म्हणणार नाही. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मुलाची जबाबदारी आणि फाइल स्वतः ठेवावी. तुमच्या घरात पैसे गोळा करू नका, दारावर नावाची पाटी लावू नका.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : तिला वाचायला वेळ लागतो. कृपा करून तिची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या प्रकारांत धरली आहे, आणि ती लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवणं ही मान्यताप्राप्त शाळेची जबाबदारी आहे. तिला बाहेर उभं करून तुमच्या शाळेने नेमकं उलट केलं. वर पाहिलेलं परंतुक मात्र एवढ्यावरून आपोआप लागू होत नाही, ते तीव्र विकलांगतेसाठी आहे. तरीही प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात आणि तुमच्या निर्णयामागचं कारणही कागदावर येतं. मुलांना मानसिक त्रास देण्याला आरटीईच्या कलम १७ ने मनाई आहे. त्याबद्दलची तक्रार दाखल्याच्या तक्रारीपासून वेगळी द्या, तारखांसह. शाळा सोडली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही, आणि त्या वर्गात अजून बरीच मुलं बसली आहेत.

दहावीसाठी वाट आहे. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा देणं कुणालाही बंधनकारक नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर माध्यमिकला प्रवेश देते. मराठी माध्यमही आहे. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. मधल्या वर्षांत पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही देता येतात. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात.

आणि वर्षभराने मुलगी म्हणाली की मला शाळेत जायचंय, तर चौदा वर्षांपर्यंत तिला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आरटीईचं कलम ४ देतं. वर्षाच्या मधे आली किंवा दाखला हातात नाही, म्हणून शाळा तिला परत पाठवू शकत नाही. तिला हे आत्ताच सांगून ठेवा.