ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये रोज चालणाऱ्या मस्टँगला सुपरचार्जर : बसवा, पण १० पीएसआय नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २०१३ ची मस्टँग जीटी, मॅन्युअल, ६२,००० मैल झालेत, रोज कॅटी फ्रीवेवरून ऑफिसला जाते, आठ हजार डॉलर बाजूला काढलेत आणि मित्र म्हणतोय की सुपरचार्जर (इंजिनच्याच बेल्टवर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंप) बसव आणि १० पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेवर दर चौरस इंचाला १० पाउंड जास्त दाब, लाव, ६०० च्या वर हॉर्सपॉवर येईल. मी डेट्रॉइटजवळ राहतो, माझ्या २०१४ च्या जीटीवर सहा वर्षं सुपरचार्जर आहे आणि तो मी स्वतः गॅरेजमध्ये दोन वीकएंड खपून बसवलाय, तेव्हा जे सांगतोय ते हात काळे करून कळलेलं आहे.

बसवा. पण ६-७ पीएसआयवर थांबा, आणि आठ हजारांत सगळं भागेल असं धरू नका.

का ते सांगतो. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय. त्यावर ७ चढवले की इंजिनला दीडपट हवा मिळते, म्हणजे तुमचं ५ लिटरचं इंजिन हवा ओढतं जवळजवळ साडेसात लिटरच्या इंजिनाइतकी. कागदावर हे झकास दिसतं. पण हवा दाबली की तापते, आणि ह्यूस्टनच्या ऑगस्टात बाहेर ३८ सेल्सियस असताना ७ पीएसआयला दाबलेली हवा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरच्या) आधी ९० च्या पुढे जाते, हिशोब करून बघा, आणि मग ती हवा ११ ला १ कॉम्प्रेशनच्या (हवा अकराव्या भागाइतकी होईपर्यंत दाबणाऱ्या) सिलिंडरमध्ये अजून दाबली जाते. डॉजने हेलकॅटचं ६.२ लिटर इंजिन सुपरचार्जर धरूनच बनवलं, त्यांनी कॉम्प्रेशन ९.५ ला १ ठेवलं. आपल्या मस्टँगचं कायोटी इंजिन बूस्टशिवाय चालायला बनवलेलं आहे. इतक्या तापलेल्या हवेत स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेटतं, ते नॉकिंग, आणि बूस्टखालचं नॉकिंग पिस्टनच्या रिंगांमधला भाग तोडायला फार वेळ घेत नाही. डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरच्या यंत्रावर) बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो, गाडी पंधरा सेकंद धावते आणि आकडा छापून मिळतो, तुमच्या अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकचं त्यात काहीच येत नाही.

आता कुठला घ्यायचा. इंजिनच्या वर, सिलिंडरच्या दोन्ही रांगांच्या मधे बसणारा रूट्स जातीचा, हल्लीचे टीव्हीएस (ईटन कंपनीचे, आपली टीव्हीएस नव्हे) वगैरे त्यातलेच, की बाजूला बसणारा, गरगर फिरणाऱ्या चक्राने हवा दाबणारा सेंट्रिफ्यूगल. रूट्स बंधूंनी इंडियानातल्या कॉनर्सव्हिलमध्ये १८६० मध्ये पेटंट घेतलं ते हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचं, गाड्या तेव्हा नव्हत्याच. पुढे डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांना आत हवा ढकलायला ब्लोअर लागायचा, आणि सहा सिलिंडरच्या, दर सिलिंडर ७१ घन इंच इंजिनावरचा तो ६-७१ ब्लोअर काढून हॉट रॉडवाल्या पोरांनी आपल्या व्ही८ वर चढवला. मसल कारच्या बॉनेटमधून वर आलेलं ते भलंमोठं धूड मूळचं ट्रक-बसचं आहे, हे मला आजही भारी वाटतं.

असो. माझा टीव्हीएस आहे आणि मला तो प्रचंड आवडतो, २००० आरपीएमलाच पूर्ण जोर येतो, सिग्नलवरून निघताना पाठ सीटला चिकटते. तरी तुम्हाला मी सेंट्रिफ्यूगल घ्या म्हणतोय. एक तर २०११ ते १४ च्या कायोटीचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) हा त्या इंजिनाचा नाजूक भाग, आणि रॉड वाकवतो तो कमी आरपीएमला आलेला जबरदस्त टॉर्क. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट आरपीएमबरोबर हळूहळू चढतो, ७००० जवळ पूर्ण येतो, त्यामुळे रॉडवर एकदम घाव बसत नाही आणि फ्रीवेवर रांगताना तो जवळजवळ नसल्यासारखाच असतो. दुसरं, त्याचा इंटरकूलर बहुतेक किटमध्ये पुढे बंपरमागे असतो, हवेने हवा गार करणारा, त्याला ना पाणी ना पंप. माझा रूट्स गरम इंजिनाच्या डोक्यावर बसून भाजत असतो आणि त्याचा इंटरकूलर पाण्याचा, पंपावर चालणारा.

तो पंप मला एकदा चांगला महागात पडणार होता. ऑगस्टातली वुडवर्ड क्रूझ, म्हणजे आमच्याकडची वुडवर्ड रस्त्यावरची हौशी गाड्यांची मिरवणूक, रस्ताभर गाड्या, पावलापावलाने पुढे सरकतोय, आणि मधेच जरा मोकळं मिळालं तर गाडी मेल्यासारखी. दाबतोय तर पुढे जाईना. सुदैवाने डॅशवर इनटेक हवेचं तापमान दिसेल असं मीटर लावलं होतं, बघतो तर १९० फॅरनहाइट. कॉम्प्युटरने टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे खेचून इंजिन वाचवलं होतं. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पंपाचा कनेक्टर मीच नीट न बसवल्यामुळे निसटलेला. क्लिक करून बसवला, वीस मिनिटं थांबलो, घरी आलो. ते मीटर नसतं तर मी दाबत राहिलो असतो. म्हणून कुठलाही घ्या, इनटेक तापमान आणि नॉकमुळे टायमिंग किती मागे जातंय, हे दोन आकडे डोळ्यासमोर हवेतच. फोनवर ओबीडीतून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून) दिसले तरी चालतील.

किट मागवायच्या आधी सगळ्या आठ सिलिंडरांची कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट करा, म्हणजे कुठला सिलिंडर किती दाब धरतो आणि किती हवा गळतो ते कळेल. एखाद्यात १५-२० टक्के गळती निघाली तर पैसे आधी तिथे जातील आणि सुपरचार्जर पुढच्या वर्षी, वाईट वाटेल पण तेच बरोबर. दुसरी गोष्ट ऑइल पंपाचे गिअर. मूळचे पावडर मेटलचे आहेत, जास्त पॉवर आणि रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटणं या दोन्हीत ते तुटतात, आणि पंप गेला की इंजिन गेलं. बदलायला पुढचं टायमिंग कव्हर उघडावं लागतं, काम मोठं आहे, पण सुपरचार्जर बसवताना पुढचा निम्मा पसारा काढलेलाच असतो, तेव्हाच बिलेट (अखंड स्टीलमधून कोरलेले) गिअर घालून टाका. लिमिटरवर आपटू नका ते वेगळंच. स्पार्क प्लग एक नंबर थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे) आणि गॅप साधारण ०.०३० इंच, नाहीतर बूस्टखाली स्पार्क विझतो आणि माणूस उगाच कॉइल बदलत बसतो. इंजेक्टर बहुतेक किटमध्ये येतात, पेट्रोल पंपाचं नीट विचारून घ्या. क्लच मूळचाच असेल तर तो घसरेल, आज ना उद्या. ब्रेक पॅड आणि टायर तर हवेतच. या सगळ्यासाठी तीन हजार तरी वेगळे ठेवा, आठमध्ये नाही बसत ते.

ट्यूनिंगमध्ये कंजूषी करू नका. किटबरोबर येणारी इंजिन-कॉम्प्युटरची फाइल सुरुवातीला ठीक, पण नंतर तुमच्याच गाडीचे लॉग बघून, तुमच्याच पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर, आणि शक्यतो उन्हाळ्यात ट्यूनिंग करून घ्या. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं मिश्रण साडेअकरा ते बारा ला एकच्या आसपास, टायमिंग थोडं मागे. वीस हॉर्सपॉवर कमी आले तर येऊ देत. कॅलिफोर्नियाला बदली झाली तर तिथे प्रीमियम म्हणजे बहुतेक ९१ च मिळतं, ट्यूनिंग परत, शिवाय किटला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर लागतो. टेक्ससने २०२५ पासून साध्या गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन काढलं, पण हॅरिस काउंटीत एमिशन टेस्ट अजून आहे, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.

बसल्यावर चालवायचं असं : तेल गरम होईपर्यंत बूस्टमध्ये जायचं नाही, सहाव्या गिअरात १५०० वर असताना पूर्ण दाबायचं नाही, आधी खालचा गिअर, आणि पहिल्या पाचशे मैलांनंतर बेल्ट, होसपाइपचे क्लँप, सगळं एकदा हाताने तपासायचं.

६-७ पीएसआयला चाकांवर पाचशेच्या आसपास यावेत. तुमची गाडी फॅक्टरीतून ४२० ची निघाली, ते क्रँकवर, म्हणजे इंजिनपाशी मोजलेले, चाकांवर त्यातले १५ टक्के कमीच धरा. म्हणजे फरक किती मोठा आहे बघा, आणि तोही रोज ऑफिसला नेता येईल असा. लीकडाऊनचे आठही आकडे आले की सांगा, मग सुपरचार्जरची पुली किती मोठी ठेवायची, म्हणजे बूस्ट किती, ते ठरवू.