एक दाबा, दोन दाबा : आयव्हीआरबद्दल वाचकांचे प्रश्न

‘विक्रीसाठी एक दाबा’ असं सांगणारी आयव्हीआरची, म्हणजे आकडा दाबून हवा तो विभाग गाठायची सोय आता उद्यमबागेतल्या वर्कशॉपपासून निपाणीच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे पोचली आहे. तिच्याबद्दल येणाऱ्या पत्रांतला घोळ मात्र बहुतेक वेळा एकच असतो. फोन करणाऱ्याने दाबलेला आकडा म्हणजे अनोळखी माणसाने तुमच्या यंत्रणेला दिलेला हुकूम. त्यातला कोणता मानायचा आणि कोणता नाही, हे मालकाने ठरवायचं असतं. इथे ते यंत्रणा बसवून देणाऱ्या व्हेंडरवर सोडलेलं असतं.

प्रश्न : मेनूत १ दाबलं की विक्री विभाग लागतो, पण मध्ये पाच-सहा सेकंद शांतता असते. एक्स्टेन्शन १०१ ते ११२ आहेत, तीही ग्राहकाला थेट दाबता येतात. लाईन स्लो आहे का? (निपाणी)

लाईनचा काही संबंध नाही. १ आल्यावर माणूस थांबला की पुढे ०१ दाबणार, हे यंत्रणेला कळत नाही म्हणून ती वाट बघते. अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ऑफिसच्या फोन एक्स्चेंजमध्ये दोन आकड्यांमधली ही मुदत मुळात ५ सेकंदांची असते. ती एका सेकंदावर आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चष्मा शोधत एकेक आकडा दाबणाऱ्याचं एक्स्टेन्शन मध्येच तुटेल. एक्स्टेन्शन ६०१ पासून सुरू करा आणि मेनूत ६ हा पर्याय ठेवू नका. व्हेंडरचं हे थोड्या वेळाचं काम आहे.

प्रश्न : ग्राहक २ दाबतो आणि यंत्रणा २२ समजून ‘चुकीचा पर्याय’ म्हणते. कधी दाबलेलं कळतच नाही. व्हेंडर म्हणतो, नवा राउटर आणि मोठा इंटरनेट प्लॅन घ्या. (उद्यमबाग, बेळगाव)

आज काहीही विकत घेऊ नका. प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये ही पद्धत ग्राहकांसाठी आणली आणि बटणं आजही तीच भाषा बोलतात. तुमची लाईन एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या तंत्राने आवाज नेणारी फोन लाईन) असेल तर हे सूर तीन वाटांनी येऊ शकतात : आवाजातच मिसळून, आवाजाबरोबर डेटाच्या वेगळ्या पाकिटांतून (या पद्धतीचं तांत्रिक मानक आरएफसी २८३३, २००६ पासून आरएफसी ४७३३), किंवा एसआयपीच्या इन्फो संदेशातून. तुमचं एक्स्चेंज आवाजही ऐकत असेल आणि पाकिटंही वाचत असेल, तर एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जातं. उलट सूर आवाजातूनच येत असतील आणि जी.७२९ या पद्धतीने आवाज सेकंदाला ६४ किलोबिटांऐवजी ८ किलोबिटांत आकसून पाठवला जात असेल, तर सूर विकृत होतो आणि आकडा ओळखूच येत नाही.

ट्रंक देणाऱ्या कंपनीला लेखी विचारा : आकडे कोणत्या पद्धतीने पाठवता? तीच एक पद्धत एक्स्चेंजवर लावून घ्या. पाकिटं वाटेत गळत असतील तर राउटरचा विषय येतो, पण ते मोजून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. सेटिंगच्या दोषावर यंत्र विकण्याचा हा धंदा फार बोकाळला आहे.

प्रश्न : डायल फिरवायच्या जुन्या फोनवरून मेनू चालेल का? (हुक्केरी)

नाही. तो फोन सूर काढत नाही, लाईन तोडून-जोडून आकडे कळवतो. काहीच न दाबणाऱ्याचा कॉल दहा सेकंदांनी माणसाकडे जाईल एवढी व्यवस्था करा.

प्रश्न : आमचं नर्सिंग होम आहे. महाराष्ट्राच्या नंबरवरून कॉल आला तर मराठी मेनू, कर्नाटकच्या नंबरवरून आला तर कन्नड, असं आपोआप व्हावं अशी योजना आहे. (खानापूर)

योजना सोडून द्या. खानापूर तालुक्यातला मराठी माणूस कर्नाटकाचाच नंबर वापरतो. शिवाय जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी मोबाईल नंबर तोच ठेवता येतो. नंबरावरून भाषा ओळखायला गेलात तर तुमच्याच गावच्या लोकांना चुकीचा मेनू ऐकवाल.

सरळ विचारा. कन्नडसाठी १ हे कन्नडमध्ये सांगा, मराठीसाठी २ हे मराठीत. पण दवाखाना असल्याने त्याच्याही आधी दोन्ही भाषांत एकेक वाक्य : तातडीसाठी शून्य. रेकॉर्डिंग तुमच्या स्वागतकक्षातल्या बाईंच्या आवाजात करा, पेशंटना तो ओळखीचा असतो. आणि संदेश चालू असतानाच दाबलेला आकडा घेतला जातो ना, हे तपासा. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये संदेश वाजवायला प्लेबॅक आणि बॅकग्राउंड अशा दोन आज्ञा आहेत. मेनूसाठी दुसरी लागते, कारण पहिली चालू असताना दाबलेल्या आकड्यावर कॉल पुढे जात नाही. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईच्या नवऱ्याला ‘आमच्या रुग्णालयात आपले हार्दिक स्वागत’ पूर्ण ऐकायला लावू नका.

प्रश्न : परगावी असताना मोबाईलवरून ऑफिसला फोन करायचा, ९ दाबायचा, पिन द्यायची आणि ऑफिसच्या लाईनवरून बाहेर बोलायचं, अशी सोय व्हेंडर देतोय. पिन चार आकडी आहे. ओळखीच्या दोघांनी घेतली आहे, काही त्रास नाही म्हणतात. घ्यावी का? (बेळगाव)

घेऊ नका. त्या दोघांनीही आजच बंद करावी. अजून त्रास झाला नाही, एवढंच त्यांना ठाऊक आहे.

या सोयीला डीआयएसए (डायरेक्ट इनवर्ड सिस्टम अ‍ॅक्सेस) म्हणतात. चोर स्वतः फोन करत बसत नाही, त्याचा प्रोग्राम करतो. तो रात्रभर नंबर लावतो, प्रत्येक मेनूत ९ दाबून बघतो, शून्य दाबून बघतो, मग पिनच्या मागे लागतो. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता आहेत आणि प्रोग्राम थकत नाही. वाट सापडली की तुमच्या लाईनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर एकाच वेळी अनेक कॉल सुरू होतात. त्या कॉलच्या पैशांतला वाटा चोराला मिळतो. हे मुद्दाम सुट्टीच्या रात्री घडवलं जातं, कारण कॉल चालू असताना ऑफिसात कुणी नसतं. कॉल तुमच्या लाईनवरून गेलेला असतो, म्हणून बिलही तुमच्याच नावावर येतं.

ही सोय न घेताही भोक उरलेलं असतं. घाईत बसवलेल्या एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या कॉलरचा मेनू आणि आतल्या कर्मचाऱ्यांचं डायलिंग एकाच नियमावलीत टाकलेलं असतं. मग कर्मचाऱ्याला जे दाबता येतं ते कॉलरलाही दाबता येतं. आजच तपासा. मोबाईलवरून ऑफिसचा नंबर लावा, मेनू चालू असताना ९ आणि पुढे घरातल्या दुसऱ्या मोबाईलचा नंबर दाबा. मग तसंच शून्य दाबून. घरातला फोन वाजला तर व्हेंडरला आजच्या आज बोलवा, ‘सोमवारी बघू’ ऐकून घेऊ नका. व्हॉइसमेलचे १२३४ सारखे पासवर्डही त्याच वेळी बदलून घ्या. परदेशी माल पाठवत नसाल तर लाईन देणाऱ्या कंपनीकडून आयएसडी बंद करून घ्या. पाठवत असाल तर ते एकाच एक्स्टेन्शनला ठेवा आणि खर्चाला मर्यादा लावून घ्या.

मोबाईलवर देशभर अमर्याद बोलता येत असताना या सोयीचं मूळ कारणच उरलेलं नाही. समोरच्याला ऑफिसचा नंबर दिसावा एवढाच हेतू असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपबद्दल विचारा. इंटरनेटवरचे कॉल साध्या लाईनला जोडण्यावर दूरसंचार खात्याचे नियम आहेत, तेव्हा उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : पतसंस्थेच्या सभासदाने खाते क्रमांक आणि पिन दाबून शिल्लक ऐकावी असा विचार आहे. आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. (चिकोडी)

रेकॉर्डिंगमध्ये बटणांचे सूर असतील तर साध्या सॉफ्टवेअरने पिन वाचता येते. त्यामुळे आकडे घेताना रेकॉर्डिंग थांबलं पाहिजे आणि पिन एक्स्चेंजच्या लॉगमध्येही उरता कामा नये. तीन चुका झाल्या की कॉल कर्मचाऱ्याकडे जावा. खाते क्रमांकाचे आकडे ठरावीक असतील तर तेवढेच घ्या, नसतील तर शेवटी हॅश (#) दाबायला सांगा. कार्डाचा सीव्हीव्ही आणि ओटीपी फोनवर मागूच नका. माझं मत विचाराल तर नोंदणीकृत मोबाईलवरून मिस्ड कॉल घेऊन एसएमएसने शिल्लक कळवणं बरं. फोनवर पिन द्यायची सवय सभासदाला लावली की उद्या भामट्यालाही तो ती देईल. तरीही करायचंच असेल तर तुमचे लेखापरीक्षक आणि संगणक सुरक्षा तपासणारा माणूस, दोघांना दाखवल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न : मेनूत पर्याय किती असावेत? (संकेश्वर)

चार, आणि माणसासाठी शून्य.

प्रश्न : गणपतीत वर्कशॉप बंद असतं. मेनू तसाच ठेवला तर चालेल? (मच्छे)

नाही, रिकाम्या टेबलांवर फोन वाजत राहतील. सुट्टीचा वेगळा संदेश आणि तारखा व्हेंडरकडून आधीच घालून घ्या. बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो संदेश लावून बघा, बाहेरच्या फोनवरून.