गालिच्यात पायवाट का पडते?

प्रश्न : दोन वर्षांखाली हॉलसाठी मोठा गालिचा घेतला. दुकानदार म्हणाला सिल्कसारखा आहे, वर्षानुवर्षं टिकंल. आता दारापासून किचनपर्यंत चक्क पायवाट पडलीय, सोफ्याच्या पायाचे खड्डे उठत नाहीत, चहा सांडला तो ओल्या फडक्यानं पुसला तर तिथं पिवळा कडक डाग झाला. सासूबाईंची घोंगडी चाळीस वर्षांची, ती मात्र जशीच्या तशी. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, वापरण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. चहाचं वाचलं तेव्हाच वाटलं की हा व्हिस्कोस असणार. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, दिसायला रेशमासारखा चमकतो म्हणून आर्ट सिल्क, बांबू सिल्क अशा नावांनी विकतात, पण ओला झाला की त्याची निम्म्याच्या आसपास ताकद जाते आणि त्यात ओलं फडकं घासलं की लव, म्हणजे वरचे उभे मऊ धागे, मोडते, वाळल्यावर कडक होऊन पिवळी पडते. खात्री करायची असंल तर लवेतले दोन-चार धागे उपटा, अंगणात पाण्याची वाटी जवळ ठेवून चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस किंवा सूत, केस जळल्यासारखा आला तर लोकर, आणि वितळून काळा टणक मणी झाला तर सिंथेटिक.

आता घोंगडीचं. लोकरीचा तंतू मुळात सरळ नसतोच, नागमोडी असतो, दाबला की स्प्रिंगसारखा परत वर येतो. त्यात आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते खरी पण पायाखाली वापरायला तीच चांगली, गालिच्याला मऊ लोकरीपेक्षा भरड लोकरच लागते. शिवाय विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळं वीण घट्ट बसते. आपण टिकाऊ म्हणजे न फाटणारं एवढंच धरतो, पण गालिचा फाटायच्या कितीतरी आधी बसतो, म्हणजे लव दबून चपटी होते, आणि बसलेला गालिचा धड असला तरी जुनाटच दिसतो.

म्हणून पुढच्या वेळी येण्याजाण्याच्या जागी लोकर बघा. ताणा सुती असंल तर उत्तम, सूत कमी ताणतं म्हणून कडा सरळ राहतात. सुरुवातीचे काही महिने लोकर झडते, घाबरू नका. लोकर खाणारी कसर (कीड) मात्र लागते, तेव्हा अधूनमधून उन्हात उलटा टाकून झटका. बजेट कमी असंल आणि सिंथेटिकच घ्यायचं तर नायलॉन सगळ्यात चांगला उठतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाणी पीत नाही, डाग सहज जातो, पण लवकर बसतो आणि साधारण १६५ अंशाला वितळतो, म्हणून त्याच्यावर गरम इस्त्री टेकवायची नाही. तागाचा ओला झाला की तपकिरी डाग धरतो, तो कोरड्या खोलीतच बरा.

दुकानात गालिचा उलटा दुमडून बघा, लवेच्या बुडाशी पाठ उघडी दिसली तर वीण विरळ, मग धागा कितीही भारी असो, बसणारच. आणि पाठीला कापड चिकटवलेलं असंल तर आतलं चिकटवायचं रबर काही वर्षांत वाळून भुगा व्हायला लागतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

सध्याचा गालिचा बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला हलवा, सहा महिन्याला फिरवून टाका. काही सांडलं तर कोरडं सुती कापड वरून नुसतं दाबा, घासू नका. बोअरच्या जड पाण्यात पावडर टाकून तर मुळीच धुऊ नका. पायवाट पुरी उठणार नाही, हे आधीच सांगते. हॉलमध्ये तोवर जाड सुती सतरंजी टाका, तिला लवच नसते त्यामुळं बसायचा प्रश्नच नाही, आणि सूत ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं. फक्त पहिल्या धुण्यात थोडी आटते, तेव्हा मापापेक्षा वीतभर मोठीच घ्या.