खलनायकाला न्याय करू देताना

सप्रेम नमस्कार,

जुन्या भयकथेतला खलनायक पाप्यांना शिक्षा करणारा म्हणून नव्याने मांडायचा तुझा विचार मला मनापासून आवडला. फक्त सुरुवात खलनायकापासून नको, मेलेल्यांपासून कर. कागदावर चार रकाने आख: कोण मेलं, त्याने काय केलं होतं, ते खलनायकाला कसं कळलं, मरण कसं आलं. मूळ कथेतला एकही मृत्यू वगळायचा नाही.

दुसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे नीट लक्ष दे. मेरी शेलीची १८१८ सालची कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाइन’ घे. व्हिक्टर एक जीव घडवतो आणि त्याचं रूप पाहून त्याला टाकून पळतो. टाकून देणं हे पाप आणि तो जीव म्हणजे त्याची शिक्षा, हा अर्थ सहज लागतो. मग विल्यम येतो, व्हिक्टरचा धाकटा भाऊ, लहान मूल. तो जीव त्याचा गळा आवळतो आणि त्या खुनापायी घरातल्या निरपराध जस्टिन या मुलीला देहदंड होतो. अशा ठिकाणी नवे लेखक मुलाच्या माथी एखादं पाप मारतात, नाहीतर प्रसंगच गाळतात. दोन्ही टाळ. शिक्षा करणाऱ्याचा न्याय कुठे मोडतो ते इथेच दिसतं. ते झाकलंस तर कथा उरत नाही, खलनायकाची वकिली उरते.

शिक्षा पापातूनच निघायला हवी. भागवतपुराणाच्या पाचव्या स्कंधात २८ नरक सांगितले आहेत. त्यातल्या रौरवात माणसाने ज्या जीवांना छळलं, तेच ‘रुरू’, म्हणजे सापाहूनही क्रूर प्राणी, होऊन त्याला छळतात. वेगळं स्पष्टीकरण लागतच नाही. समज, रात्री विहिरीतून हाका येत असताना एकाने खिडकी लावून घेतली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती बोटाने धरून हळूच सोडली. हे बारीक कृत्य कथेत आधी दाखव. मेल्यानंतर सांगितलंस तर ती सबब वाटते. पुढे त्याला विहिरीत बुडवू नकोस. त्याला त्याच्याच खोलीत कोंड, घसा फुटेपर्यंत ओरडू दे आणि समोरच्या खिडक्या एकेक करून, आवाज न होता, बंद होताना दिसू देत. त्या खिडक्यांमागे पुढचे गुन्हेगार तयार झालेच.

शिक्षा करणाऱ्याला मर्यादा हवी. ती नवी घडवण्यापेक्षा मूळ कथेत शोध. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय रक्तपिपासू ड्रॅक्युला पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. नियम तोच ठेवून अर्थ बदल: दार पाप करणाऱ्यानेच उघडलेलं असतं. आधीपासून माहीत असलेली गोष्ट अशी फिरली की वाचकाच्या अंगावर काटा येतो.

पाप कशाला म्हणायचं, हेही जपून ठरव. प्रेमात पडलेली मुलगी आधी मरते, हा ठोकताळा स्लॅशर, म्हणजे एकेकाला सुऱ्याने मारत सुटलेल्या खुन्याच्या, चित्रपटांनी घासून घासून गुळगुळीत केला आहे. तो उचललास तर तुझा खलनायक न्यायाधीश होत नाही, गावगप्पांच्या हाती सुरा तेवढा देतो. दुसरीकडे, मेलेले सगळेच नीच निघाले तर वाचक टाळ्या पिटतो आणि घाबरायचं विसरतो. म्हणून निदान एक पाप वाचकानेही केलेलं असावं: ऐकून न ऐकल्यासारखं करणं, गप्प राहून आपलं भलं साधणं. आणि ‘मी न्याय करायला आलोय’ छापाचे संवाद सरसकट काट. शिक्षा बोलते तेवढं पुरे.

पूर्ण कथा इतक्यात लिहायला घेऊ नकोस. तक्ता भर आणि त्या निरपराध मृत्यूचा एकच प्रसंग दोन पानांत लिही. मारल्यावर खलनायकाला त्या देहापाशी थोडं थांबव. आपण चुकलो हे त्याला कळतं की नाही, ते तिथेच ठरव. त्याशिवाय पुढचा मृत्यू तुला लिहिता येणार नाही.