मालिश करून घेताना सोसू नका

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय ५८. रोप लावणी संपली आणि कंबर धरून बसलीय. बेळगावात राहणाऱ्या मुलानं टिळकवाडीत तासाभराची मालिश ठरवलीय. मी कधी अशी मालिश करून घेतली नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, तळपायाला मुंग्या येतात. उपाशी जायचं का? जाऊबाई म्हणतात, दुखलं तरी दात-ओठ खाऊन सोसायचं, तरच गुण येतो. नंतर काय जपायचं?

उत्तर : मावशी, जाऊबाईंचा सल्ला आधी बाजूला ठेवा. फिजिओथेरपीच्या कामात हेच मी सगळ्यात जास्त वेळा सांगते. शहापूर, वडगावचे यंत्रमागावर राबणारे लोक खांदे धरले की येतात आणि म्हणतात, जोरात रगडा. दाब सोसवेना झाला की स्नायू उलट आवळून घेतो. थोडं दुखून बरं वाटणं ठीक. पण श्वास अडकला, मूठ आवळली, तर तो दाब जास्त झाला. तिथं लगेच ‘पुरे’ म्हणा. मालिश करणारी कन्नडच बोलणारी असली तर ‘साकु’ म्हणा. आनंदवाडीच्या आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानाला चालेल ती रगडणी चिखलात दिवसभर वाकलेल्या कमरेला नको.

उपाशी मुळीच जाऊ नका. शुगरची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर खाली येऊन घाम फुटेल, थरथर सुटेल. दीड-दोन तास आधी भाकरी-भाजी खा, बीपीची गोळीही नेहमीच्या वेळी घ्या. पर्समध्ये थोडी साखर असू द्या.

आता महत्त्वाचं. मालिशला आडवं होण्याआधी मालिश करणारीला सगळं सांगा, तिनं विचारलं नाही तरी. पायाच्या मुंग्या तर नक्की सांगा. मुंग्या येणाऱ्या तळपायाला तेल किती गरम आहे ते नीट कळत नाही आणि न कळता फोड येतात. म्हणून तेल आधी तुमच्या मनगटावर लावून बघा, मगच पायाला. पायाला भेग, जखम असेल तर तिथं हात नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, साध्या दाबानंही काळंनिळं पडतं. ताप असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, तर मालिश नकोच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथं रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

लाज वाटत असेल तर बाईच हवी असं मुलाला आधीच सांगायला लावा. किती कपडे काढायचे ते तुम्ही ठरवायचं. जिथं हात चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर. हे मागताना संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

संपल्यावर झटकन उठू नका. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना भोवळ येते. कुशीवर वळा, पाय खाली सोडून थोडं बसा, मग उभ्या राहा. तळव्यांचं तेल पुसल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकू नका. या वयात घसरून मोडलेलं हाड फार छळतं. पाणी तहान लागेल तेवढं प्या. अंगातलं विष बाहेर काढायला भरपूर पाणी प्या असं कुणी सांगेल, पण ते काम मूत्रपिंड आणि यकृत रोजच करतात. आंघोळ कोमट पाण्यानं करा, तेल निघायला बेसन पुरे.

बायकांना बसप्रवास फुकट देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे खानापूरच्या बसला बायकांची गर्दी असते. सैल पडलेल्या कमरेनं उभं राहून धक्के खात जाण्यापेक्षा ती रात्र मुलाकडेच काढा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, एक-दोन दिवसांत उतरेल. त्यापुढंही ठणका वाढतच गेला, पायात कळ उतरली किंवा बधिरपणा आला, तर पुन्हा मालिश करू नका, मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर तासही दवडू नका, थेट दवाखाना गाठा.

भांगलणीला मात्र दोन दिवस जाऊ नका. नंतर गेलात तरी तासन्‌तास वाकून राहू नका. मध्ये मध्ये बांधावर येऊन कमरेवर हात ठेवा आणि हळूच मागं झुका. जाऊबाईंनाही करायला लावा.