विचारा बिनधास्त: भाच्याला दोन लाख देऊ का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, वय 59. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून मित्राबरोबर स्टार्टअप काढतोय. घरातल्या जुन्या वस्तू विकायचं-घ्यायचं ॲप, म्हणजे भांडी, मिक्सर, खुर्च्या, पडदे, शोकेसमधे नुसते पडून असलेले कपबशीचे सेट वगैरे. विकणाऱ्याकडून 10 टक्के कमिशन घेणार म्हणतो. "मावशी तू 2 लाख टाक, तुला शेअर देतो" असं चाललंय. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, घर रिकामं करायचंय, तर सासूबाईंची पितळेची भांडी पण त्याला ॲपवर हवीयेत. पैसे देऊ का? आणि भांड्यांचं काय करू?

उत्तर: मावशी, आधी भाच्याला एकच विचारा, त्याने कधी कुणाचा जुना सोफा जिन्यावरून उतरवून टेम्पोत चढवलाय का? टोमणा नाहीये हा, खरंच विचारा. कारण या धंद्यात ॲप हा सगळ्यात सोपा भाग आहे, ते तो दोन महिन्यात बनवेल.

माझाच किस्सा सांगतो. गेल्या दिवाळीआधी आमचा सोफा एका साइटवर टाकला, किंमत लिहिली 6000. दोन दिवसात 23 मेसेज आले, त्यातले 19 नुसते "अवेलेबल आहे का?" आणि हो म्हटलं की माणूस गायब. उरलेल्यांचं "लास्ट प्राइस?" शेवटी एक मुलगा बघायला आला, 4500 ला ठरलं, आणि मग कळलं की सोफा लिफ्टमधे जात नाही आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. छोटा हत्ती 1200, दोन हमाल 800. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. 4000 वर आलो आणि वर हमालांचे 800 पण मीच दिले. बायको म्हणाली, विकलास की सोडवलास?

आता तुमच्या भाच्याचं गणित करा. 600 रुपयांची कढई विकली की त्याला कमिशन 60. कोथरूडहून वाकडला ती पोचवायला माणूस 60 रुपयात जाईल का? आणि कढईचा कान हलतोय म्हणून तिकडून परत आली तर? बरं कमिशन वाढवावं तर विकणारा आणि घेणारा एकमेकांचे नंबर घेऊन बाहेरच्या बाहेर सौदा करतात, ॲपला टाटा. ओएलएक्स 2006 चं, क्विकर 2008 चं, पण त्यांनी सुरुवातीला वस्तूला हातच लावला नाही, जाहिरात लावा आणि तुमचं तुम्ही बघा. बंगळुरूत 2015 ला झेफो नावाची कंपनी निघाली, ती जुनं फर्निचर आणि उपकरणं उचलायची, दुरुस्त करून विकायची. म्हणजे गोडाऊन आलं, सुतार आले, टेम्पो आले. 2019 मधे ती क्विकरने घेतली. भाच्याला म्हणावं यांचा नीट अभ्यास कर, नुसतं लोगोचा रंग ठरवत बसू नको.

मला तर वाटतं यांच्या सगळ्यांपेक्षा बोहारीण हुशार होती. दारात यायची, तुमच्या साडीची जर नखाने खरवडून बघायची, तिथल्या तिथे भाव करायची, स्टीलचा डबा हातात ठेवायची आणि गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालू पडायची. बघणं, भाव, पैसे आणि ने-आण, चारही गोष्टी दहा मिनिटात. (दहा नाही, आमच्या आईच्या बाबतीत दीड तास, पण ते जाऊ द्या.)

तर 2 लाख आत्ता देऊ नका. त्याऐवजी त्याला तुमची सोसायटी द्या. रिडेव्हलपमेंट म्हणजे अख्खी बिल्डिंग एकाच महिन्यात घरं रिकामी करणार, प्रत्येकाकडे माळ्यावरचं सामान आणि भाड्याच्या घरात जागा नाही. असा माल आयता कुठे मिळणार त्याला? म्हणावं ॲप ठेव बाजूला, व्हॉट्सॲप ग्रुप काढ, दोन रविवार पार्किंगमधे टेबलं मांड, आजूबाजूच्या सोसायट्यांना बोलाव, आणि टेम्पो, हमाल, परत आलेल्या वस्तू धरून शेवटी हातात किती उरले ते वहीत लिहून आण. वही बघून ठरवा. तेव्हाही कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणून रजिस्टर झालीये का, 2 लाखाला नक्की किती टक्के, शेअर सर्टिफिकेट कधी, हे विचाराच. घरातला आहे म्हणून तोंडी नको. आणि पैसे बुडाले तर बहिणीशी बोलणं बंद होणार असेल तर तेवढी रक्कम देऊच नका.

भांड्यांचं वेगळं आहे. मोडीत दिलीत तर फक्त वजनाचे पैसे मिळतात, घडणावळीची किंमत शून्य. आणि घंगाळ, बंब, कडीचा डबा, समई अशा गोष्टींना आज घर सजवणारे लोक मोडीपेक्षा बरंच जास्त देतात, घंगाळात झाड लावतात हो, करणार काय. म्हणून आधी घरीच वजन करा, मोडीचा भाव विचारून ठेवा आणि त्याच्या खाली उतरू नका. घासूनपुसून चकचकीत करू नका, घेणाऱ्याला ते जुनेपणच हवं असतं, आधी तसाच फोटो काढा. भांडं उलटं करून पण बघा, कडेला किंवा तळाला लग्नात देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ते नाव वाचून हात थांबला तर ते एक भांडं ठेवून द्या, नव्या फ्लॅटमधे एका तपेलीपुरती जागा निघते. वापरणार असाल तर आतून कल्हई करून घ्या, बिनकल्हईच्या पितळेत आमटी-ताक नको. पुण्यात आहात तर कसब्यात तांबट आळीत चौकशी करा.

प्रश्न: डायनिंग टेबल विकायला ऑनलाइन टाकलं. एकाने न बघताच पूर्ण 9000 कबूल केले, मी आर्मीत आहे, बदली झालीये म्हणाला, आयकार्डचा फोटो पण पाठवला. आता क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणतो. करू का? – ठाणे

उत्तर: अजिबात नाही. यूपीआयमधे पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्याच खात्यातून गेले. न बघता, घासाघीस न करता जुनं टेबल घेणारा माणूस या महाराष्ट्रात जन्मला नाही, तिथेच शंका यायला हवी होती. आर्मीचं आयकार्ड ही तर जुनीच युक्ती. ब्लॉक करा. टाकला असेल पिन तर हे वाचत बसू नका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला.

प्रश्न: जुना 5 लिटरचा कुकर 350 ला मिळतोय, घ्यावा का? – हॉस्टेलवाला, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आयएसआय मार्क आहे का बघ. झाकण बसवून बघ, काठाला पोचा असेल तर वाफ बाहेर येणार. गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन टाकायचे, त्याच कंपनीचे, ते पैसे 350 मधे धरून मग ठरव. आणि बूड फुगलेलं असेल तर फुकट मिळाला तरी नको. विकणाऱ्यालाही सांग, भंगारात देताना झाकण आणि भांडं वेगवेगळ्या ठिकाणी दे, नाहीतर दुसरा कुणीतरी तो परत विकायला काढेल.